सुमारे साडेबारा हजार किलोमीटर

मोजणीसाहेबांनी तेहेतीस वर्षांच्या नोकरीत 'सुमारे' हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. 'अंदाजे', 'साधारण', 'जवळजवळ' यांच्याशीही त्यांचं वाकडंच होतं, पण 'सुमारे'वर त्यांचा खास राग होता. मोजणी कार्यालयात कुणाच्या कागदावर तो शब्द दिसला की साहेब लाल पेनानं त्याभोवती गोल काढायचे आणि कागद परत पाठवायचे. कागदाबरोबर माणूसही परत जायचा, उन्हातान्हात, टेप घेऊन, पुन्हा मोजायला. आता हेडक्लार्क झालेला माणूस तरुणपणी असाच एका 'सुमारे'पायी सात किलोमीटर चालून आला होता. त्या गोष्टीला एकवीस वर्षं झाली, पण अजूनही साहेब समोर आले की तो नकळत पायातल्या चपलांकडे बघायचा.

साहेबांचा नियम साधा होता. इथून तिथपर्यंत मोजायचं, मग तिथून इथपर्यंत मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तर सही. नाही जुळले तर फेरमोजणी. मग समोर कुणीही असो, ऊन असो, जेवायची वेळ असो. लोक त्यांना पाठीमागे काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्यांनी घातलेल्या हद्दीवरून पुन्हा भांडण झाल्याचं एकही उदाहरण नव्हतं, आणि हे मात्र लोक तोंडावर सांगायचे.

अशा माणसाची एकुलती एक लेक लग्न करून जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली. आणि तिला दिवस गेले.

डॉक्टरांनी तारीख दिली. जावयानं तिकिटं पाठवली, शनिवारच्या विमानाची. साहेबांच्या बायकोनं, म्हणजे आख्ख्या इमारतीच्या वहिनींनी, दोन बॅगा भरून कुलपंही लावली आणि किल्ल्या गळ्यात अडकवल्या. राहिली होती फक्त साहेबांची रजा. ती गुरुवारी संध्याकाळपर्यंत मंजूर व्हायला हवी होती, कारण शुक्रवारपासून मोठे साहेब पंधरा दिवस बाहेर जाणार होते. सोमवारी सकाळी साहेब परदेश प्रवासाच्या रजेचा फॉर्म घेऊन खुर्चीत बसले. तेरा रकाने त्यांनी सुरेख अक्षरात भरले, आणि चौदाव्यापाशी पेन थांबलं.

रकाना चौदा: दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळच्या मार्गाचं अंतर, किलोमीटरमध्ये. रकाना पंधरा: विमान प्रवासास लागणारा वेळ. रकाना सोळा: वरील मजकूर पडताळून बरोबर आढळल्याबद्दल सक्षम मोजणी अधिकाऱ्याची सही आणि शिक्का.

आता गंमत अशी, की त्या सगळ्या भागात सक्षम मोजणी अधिकारी एकच होता, आणि तो हाच फॉर्म हातात धरून बसला होता. शेजारच्या भागातल्या अधिकाऱ्याची सही आणायची तर तीन आठवडे. दुसऱ्या कुणाचा फॉर्म असता तर साहेबांनी "मोजलेलं नाही" असं लिहून परत पाठवला असता. पाठवलेही होते. एका प्राध्यापकाची परिषद त्यात बुडाली होती. पण स्वतःचा फॉर्म स्वतःला परत कसा पाठवायचा?

"त्यात काय एवढं?" वहिनी म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर बघा आणि लिहून टाका."

साहेबांनी बघितलं. एका ठिकाणी अंतर होतं बारा हजार पाचशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्या ठिकाणी बारा हजार पाचशे एकसष्ट. तिसऱ्या ठिकाणी बारा हजार पाचशे तीस. तिन्ही ठिकाणी आकड्याखाली हसऱ्या हवाई सुंदरीचं चित्र होतं. साहेबांना त्या हसण्याचा फार राग आला.

"एकतीस किलोमीटरचा फरक!" ते म्हणाले. "एकतीस किलोमीटरमध्ये पाच गावं बसतात. पाचही गावं कुठे गेली?"

"समुद्रात," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

वेळेचं तर आणखीच वाईट. तिकिटावर जाताना पंधरा तास पन्नास मिनिटं लिहिली होती आणि येताना चौदा तास वीस मिनिटं. तेच दोन विमानतळ, तीच कंपनी, आणि जाण्यायेण्यात दीड तासाची तफावत. साहेबांनी सरळ विमान कंपनीला फोन लावला. मशीननं आधी एक दाबा, मग चार दाबा, मग चौकटीचं चिन्ह दाबा असं करत त्यांना चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं. त्यानंतर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, जाताना वारा समोरून असतो," ती म्हणाली, "येताना पाठीमागून."

"मी तेहेतीस वर्षं वाऱ्यात मोजणी केली आहे," साहेब म्हणाले. "माझी टेप कधी वाऱ्यानं कमी-जास्त झाली नाही."

"हो सर. आणखी काही मदत करू शकते का, सर?"

साहेबांनी फोन ठेवला. आपल्याला कुणीतरी अत्यंत आदरानं वेड्यात काढलंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मग त्यांनी स्वतः मोजायचं ठरवलं. इथेच सगळं बिनसलं. कार्यालयाच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. साहेब स्टुलावर चढले, स्टीलची पट्टी लावली, इथून तिथपर्यंत मोजलं, तिथून इथपर्यंत मोजलं. दोन्ही वेळा ब्याऐंशी सेंटिमीटर, केसाचाही फरक नाही. नकाशाखाली प्रमाण दिलेलं होतं, एका सेंटिमीटरला दोनशे किलोमीटर. साहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी चौदाव्या रकान्यात सोळा हजार चारशे लिहिलं, सही ठोकली, शिक्का मारला, फॉर्म हेडक्लार्ककडे पाठवला आणि पंधरावा रकाना नंतर बघू म्हणत चहाला गेले.

मंगळवारी सकाळी फॉर्म परत आला. सोळा हजार चारशेभोवती लाल गोल होता. बाजूला हेडक्लार्कच्या बारीक, विनम्र अक्षरात लिहिलं होतं: 'विमान कंपन्यांच्या अंतराशी जवळपास चार हजार किलोमीटरची तफावत. पृथ्वी गोल असल्याचे विचारात घेतले आहे काय? कृपया फेरमोजणी व्हावी.'

पृथ्वी गोल आहे हे साहेबांना मान्य नव्हतं असं नाही. पण कामाच्या वेळात तिचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता. जन्मभर त्यांनी शेतं, प्लॉट, गल्ल्या आणि कुंपणं मोजली. त्यातलं काहीच गोल नव्हतं. गोल जग कागदावर सपाट करताना वरच्या अंगाला ते ताणलं जातं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असलेलं सत्य सक्षम मोजणी अधिकाऱ्याच्या ध्यानातून गेलं होतं, आणि ते कुणी दाखवून द्यावं तर त्या चपलांकडे बघणाऱ्या माणसानं! साहेबांना त्या दिवशी डबा गेला नाही.

बुधवारपर्यंत बातमी इमारतभर झाली. कशी झाली हे विचारायचं कारण नाही. वहिनींनी ती फक्त एकाच बाईला सांगितली होती.

पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे विमानकाका. ते मुलाकडे तीनदा जाऊन आले होते आणि तेव्हापासून जमिनीवरच्या कुठल्याच गोष्टीत त्यांना रस उरला नव्हता. "किलोमीटर कशाला मोजता?" ते म्हणाले. "विमानात किलोमीटर नसतात. पाच सिनेमे, दोन जेवणं आणि एक झोप. एवढं अंतर. झोप लागली नाही तर सात सिनेमे. तसंच लिहा."

"फॉर्ममध्ये सिनेमाचा रकाना नाही," साहेब म्हणाले.

"म्हणूनच आपल्याकडचे फॉर्म मागे आहेत," काका म्हणाले. जाताना त्यांनी पाय सुजू नयेत म्हणून दर तासाला करायचा एक व्यायाम दाखवला आणि तो दाखवताना दिवाणखान्यातली कुंडी पाडली.

मग तळमजल्यावरच्या भूगोलबाई आल्या. शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी नुसतं "बसा" म्हटलं तरी माणूस वही उघडायचा. त्यांनी येताना शाळेचा पृथ्वीगोल पोटाशी धरून आणला होता. "शाळेची वस्तू आहे," त्यांनी बजावलं. "टाचणी टोचायची नाही, पेननं खूण करायची नाही, ओल्या हातानं धरायचा नाही. दोरा लावा आणि मोजा. एक मिलिमीटर म्हणजे साडेबेचाळीस किलोमीटर, लक्षात ठेवा."

"किती?" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आयुष्यात वीतभर जागेवरून भावाभावांना चार-चार वर्षं झुलवलं होतं. इथे एक मिलिमीटर चुकला तर लेक साडेबेचाळीस किलोमीटर लांब जाणार होती.

वहिनींनी शिवणाच्या डब्यातला लाल दोरा दिला. साहेबांनी एक टोक आपल्या गावावर धरलं, दुसरं लेकीच्या. दोरा ताणला तर वाढायचा आणि सोडला तर घसरायचा. शिवाय ताणला की तो आपोआप वर, बर्फाकडे सरकायचा.

"अहो, तिकडून कशाला नेताय आम्हाला?" वहिनी काळजीनं म्हणाल्या. "मी एकच स्वेटर घेतलाय."

"जवळचा मार्ग तिकडूनच आहे," भूगोलबाई म्हणाल्या. "गोलावर सरळ रेघ अशीच दिसते."

सरळ रेघ वाकडी दिसते हे साहेबांना तिथल्या तिथे पचवावं लागलं. दोरा वाढतो म्हणून त्यांनी जुन्या रेडिओतली तांब्याची तार काढली. तार नीट बसेना म्हणून गोल स्टँडवरून काढला. गोल मांडीत बसेना म्हणून तो धरायला विमानकाकांना पुन्हा बोलावलं. काकांनी तो धरला, पण तेवढ्यात तासाचा व्यायाम आठवून त्यांनी पाय उचलला. पृथ्वी सुटली, उघड्या दारातून बाहेर गेली आणि जिना उतरू लागली.

चार मजले म्हणजे अठ्ठेचाळीस पायऱ्या. प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा ऐकू आला. साहेब, काका, वहिनी आणि भूगोलबाई असे चौघं एकामागून एक धावत होते, आणि वाटेतल्या प्रत्येक दारातून कुणीतरी डोकं काढून काहीतरी सुचवत होतं. खाली वॉचमन पाय लांब करून बसला होता. त्यानं न उठता तळव्यानं गोल अडवला.

"कुणाची आहे?" त्यानं विचारलं.

"शाळेची," भूगोलबाई म्हणाल्या, आणि प्रथमच त्यांचा आवाज वर्गाबाहेरच्या बाईसारखा आला. मोठ्या महासागराला उत्तर-दक्षिण चीर गेली होती.

साहेबांनी पारदर्शक चिकटपट्टीनं महासागर जोडला आणि त्यावरून तार नेली. एकदा जाताना बारा हजार पाचशे साठ आलं, येताना बारा हजार सहाशे चाळीस. जाऊन आणि येऊन, पुन्हा पुन्हा, सात वेळा मोजलं. एकदाही जुळलं नाही. चिकटपट्टीची जाडी धरायची की वजा करायची यावर विमानकाका आणि वॉचमन यांच्यात वाद झाला, आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत मिटला नव्हता.

गुरुवारी सकाळी लेकीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा सुजलेला आणि दमलेला दिसत होता. "बाबा, डॉक्टर म्हणताहेत थोडं आधीही होऊ शकतं," ती म्हणाली. "तुम्ही शनिवारी निघताय ना? नक्की ना?"

"फॉर्मचं थोडं राहिलंय," साहेब म्हणाले. "चौदावा आणि पंधरावा रकाना. आकडे जुळत नाहीत, बेटा. तिन्ही साइटवर वेगवेगळे आहेत. एकतीस किलोमीटरचा फरक आहे."

लेक "बरं बाबा" म्हणाली. ते "बरं" साहेबांच्या ओळखीचं होतं, लहानपणी शाळेच्या कार्यक्रमाला येणं जमणार नाही असं सांगितलं की ती असंच म्हणायची. फोन बंद झाला.

वहिनी खुर्चीत बसल्या. त्या कधी भांडायच्या नाहीत असं नाही, पण भांडताना उभ्या असायच्या. त्या बसल्या म्हटल्यावर साहेबांचं धाबं दणाणलं.

"ती झाली तेव्हा तुम्ही टेकडीवर कॅम्पात होता," वहिनी म्हणाल्या. "सकाळीच निरोप पोचला होता तुम्हाला. मला माहीत आहे, निरोप्यानं मला येऊन सांगितलं होतं. तुम्ही आलात दोन दिवसांनी. जाऊन मोजलेलं आणि येऊन मोजलेलं जुळत नव्हतं म्हणून."

साहेबांनी टेबलावरची तांब्याची तार गुंडाळायला घेतली.

"मी कधी काढलं नाही हे. आजही काढणार नव्हते. पण तेव्हा दवाखान्यापासून तुमचा कॅम्प अठ्ठावीस किलोमीटर होता. तेही तुम्हीच मोजलेलं, बरोबरच असणार. अठ्ठावीस किलोमीटरला तुम्हाला दोन दिवस लागले. आता साडेबारा हजाराला किती लागतील ते तुम्हीच काढा." एवढं बोलून त्यांनी गळ्यातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्या भांडी घासायला गेल्या.

साहेब बराच वेळ त्या किल्ल्यांकडे बघत बसले. टेकडीवरचं तेव्हा काय जुळत नव्हतं, हे त्यांनी आठवून पाहिलं. हातभराचा फरक होता. कुणाची जमीन, कुणाचं कुंपण, काही म्हणजे काही आठवलं नाही. दोन दिवसांची लेक हातात दिली तेव्हा ती झोपलेली होती, तेवढं आठवलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि हे वाईट वाटणं अठ्ठावीस वर्षं उशिरा आलंय हे कळून आणखी वाईट वाटलं.

साडेचारला ते कार्यालयात पोचले. कोरा फॉर्म घेतला, तेरा रकाने भरले, आणि चौदाव्यात लिहिलं, 'सुमारे १२,५५० किमी.' पंधराव्यात लिहिलं, 'जाताना पंधरा तास पन्नास मिनिटे. येतानाचे येताना पाहू.' सोळाव्यात सही केली आणि शिक्का मारला. मग ते फॉर्म घेऊन स्वतः हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले. शिपायाबरोबर पाठवता आला असता. पण सात किलोमीटर चालून आलेल्या माणसासमोर हा कागद आपणच धरायला हवा असं त्यांना वाटलं.

हेडक्लार्कनं चष्मा लावला. चौदाव्या रकान्याशी तो थांबला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आसपासच्या टेबलांवरचं टायपिंग बंद पडलं.

"साहेब," तो म्हणाला, "सुमारे?"

"सुमारे," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

हेडक्लार्कनं ड्रॉवर उघडला आणि लाल पेन काढलं. एकवीस वर्षं तो या क्षणाची वाट बघत असणार, आणि कुणी त्याला दोषही दिला नसता. पेनाचं टोक त्या शब्दावर आलं आणि तिथेच राहिलं.

"कितवी तारीख आहे ताईंची?" त्यानं विचारलं.

"बुधवार दिलाय. पण डॉक्टर म्हणतात, आधीही होईल."

"म्हणजे तेही सुमारेच," हेडक्लार्क म्हणाला. त्यानं लाल पेनाला टोपण घातलं, निळं काढलं, 'शिफारस' लिहून सही केली आणि कागद घेऊन धावतच मोठ्या साहेबांच्या खोलीकडे गेला. धावताना त्याची एक चप्पल निघाली, ती साहेबांनी उचलून त्याच्या खुर्चीखाली ठेवली.

शनिवारी विमानात समोरच्या छोट्या पडद्यावर उरलेलं अंतर दिसत होतं. साहेबांनी वही काढली, पहिले दोन तास दर दहा मिनिटांनी आकडा टिपला, मग वही मिटली आणि वहिनींच्या खांद्यावर मान टाकून झोपले. वहिनींनी पाच सिनेमे बघितले. विमानकाकांचा हिशोब अगदी बरोबर निघाला.

सोमवारी दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. साहेब दवाखान्यात होते. दाराबाहेर एकच बाक होता, तिथून दारापर्यंत पाच पावलं. ती त्यांनी इतक्या वेळा मोजली, की शेवटी नर्सनं त्यांना बसवलं. चार वाजता नात झाली. आत बोलावलं तेव्हा ती जागी होती आणि डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघत होती. साहेबांनी तिला हातात घेतलं आणि मग त्यांना काही सुचेना, म्हणून ते तसेच उभे राहिले. लेक उशीवरून त्यांच्याकडे बघत होती. "वेळेवर आलात, बाबा," ती म्हणाली.

मग नर्सनं नातीला मोजायला घेतलं. डोक्यापासून पायापर्यंत टेप लावली, पन्नास सेंटिमीटर. तिनं टेप फिरवली आणि पायापासून डोक्यापर्यंत लावली. तेवढ्यात नातीनं झोकात पाय ताणला. एकावन्न. वहिनींनी साहेबांचा दंड धरला. लेकीनं डोळे मिटून घेतले.

नर्स फॉर्म घेऊन काहीतरी विचारत होती. "बाबा, ती विचारतेय, पन्नास लिहू की एकावन्न?" लेक डोळे न उघडता म्हणाली.

"तिला सांग, सुमारे पन्नास."

लेकीनं डोळे उघडले. तिनं नर्सला सांगितलं, नर्सनं मान हलवली आणि फॉर्मवरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "फॉर्ममध्ये सुमारे चालत नाही म्हणतेय, बाबा."

"चालतं," साहेब नातीचा पाय बोटानं धरून म्हणाले. "तिला म्हणावं, सक्षम अधिकारी सांगतोय."